परळच्या गच्चीवरचा तेजोमेघ

२८ सप्टेंबर

कॅमेरा आला. कुरियरवाल्याने खोकं दारात ठेवलं आणि आभाळ भरून आलं. नवीन यंत्र घेतलं की ढग त्यासोबत फुकट मिळतात, असं आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात. मला तो आजवर विनोद वाटायचा.

ही वही सुमेधा मॅडमच्या सांगण्यावरून. दादरच्या आमच्या आकाशप्रेमी ग्रुपच्या त्या सर्वेसर्वा. पूर्वी कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, आता आम्हाला शिकवतात. नवीन कॅमेरा तपासताना नोंदी ठेवा म्हणाल्या. हवा कशी होती, काय टिपलं, काय चुकलं. पहिल्या पानावर नाव असावं म्हणून लिहितो: राजेश परब, वय बावन्न, लग्न राहून गेलेलं, मूळ गाव देवगड तालुक्यात, मुक्काम परळ. फोर्टच्या एका ऑफिसात बसून लोकांचा बंदरात अडकलेला माल सोडवतो. स्वतः मात्र आकाशात अडकलेला.

घरात आम्ही दोघं, मी आणि मालनताई. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. वडाळ्याला दिली होती. भावोजी गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा मी तिला घरी घेऊन आलो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती ब्लाउज शिवते. मी आकाश बघतो आणि आयतं जेवतो.

बेत असा आहे. गावाबाहेर काळोखात जाऊन तेजोमेघाचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगांचे, फोटो कोणीही काढेल. मी ते परळमधून, आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवरून काढणार. या कॅमेऱ्याचा सेन्सर बर्फाहून थंड होतो आणि सोबतचा फिल्टर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड गाळून तेजोमेघाचा तेवढा प्रकाश आत सोडतो. जानेवारीत ग्रुपचं प्रदर्शन आहे. माझ्या फोटोखाली पाटी हवी, 'स्थळ: परळ'. दादरकरांनी दोन मिनिटं तरी तिथे थबकलं पाहिजे.

आजची नोंद: कॅमेरा दुर्बिणीला जोडता आला नाही. स्क्रू ड्रायव्हर सापडला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

ढग. आंघोळ करून बाहेर आलो तर दुर्बीण आणि कॅमेरा पाटावर मांडलेले, दोघांना झेंडूचं एकेक फूल आणि हळदकुंकू. शेजारी ताईचं शिवणयंत्र आणि कात्री. ताई म्हणाली, आज हत्यारांची पूजा, तुझं हत्यार हेच ना. बरं वाटलं. या घरात माझ्या छंदाला पहिल्यांदाच मान मिळाला.

त्यासाठी तिने आईचा कुंकवाचा करंडा कपाटातून काढला होता. आई गेल्यापासून तो आतच होता. ताईनेही भावोजींच्या मागे कुंकू लावणं सोडलं, तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी यंत्रांना मनोभावे नमस्कार केला. ढगांवर काही परिणाम नाही.

९ ऑक्टोबर

गच्ची मिळाली! किल्ली सेक्रेटरी हितेंद्र राणे यांच्याकडे असते. दुसऱ्या मजल्यावर राहतात, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बेस्टमधून निवृत्त झाले पण कंडक्टरचा करारीपणा गेलेला नाही. चौथ्या मजल्यावरच्या चंपाबाईंनी न विचारता गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, तर त्या ओल्याच खाली पाठवल्या. अशा माणसाकडे जायचं म्हणून मी विज्ञानाच्या महत्त्वावर भाषण पाठ करून गेलो. ते अर्ध्यावर आलं असताना त्यांनी विचारलं की मी एकटाच येणार की ताईही असतील. म्हटलं, चहा घेऊन येईल फार तर.

किल्ली हातात! शिवाय गच्चीवरचा हॅलोजन संध्याकाळी बंद ठेवतो म्हणाले. दहाला कुलूप लावायचं, एवढीच अट. विज्ञानाची इतकी आस्था असलेला सेक्रेटरी अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल.

१३ ऑक्टोबर

आभाळ उघडलं. दुर्बीण आधी ध्रुवताऱ्याला लावून घ्यावी लागते, म्हणजे मग ती आकाशाबरोबर फिरते. ध्रुव अढळ आहे हे खरं, पण परळमध्ये तो एका टॉवरच्या मागे अढळ आहे. चंपाबाई कपडे काढायला वर आल्या होत्या. मी गच्चीवर पालथा पडून टॉवरच्या दोन बाल्कन्यांमधून त्याला शोधत होतो. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

राणेही वर आले. दोन खुर्च्या घेऊन आले. मी कधी बसत नाही, पण त्यांना ते कसं ठाऊक असणार. थोड्या वेळाने ताई चहा घेऊन आली आणि दुसरी खुर्ची वाया गेली नाही.

हंस तारकासमूहातला उत्तर अमेरिका तेजोमेघ टिपायला लावला. त्याचा आकार त्या खंडासारखा आहे म्हणून हे नाव. फोटोवर फोटो घेऊन एकावर एक रचले, उजेड ताणला, आणि पडद्यावर, चौकटीच्या डाव्या अंगाला, लालसर ढग! खराखुरा! मी ओरडलोच. राणे बघायला आले. ताई चष्मा सारखा करून म्हणाली, "अमेरिका कसली रे, हा आपला देवगड तालुका." राणे पोट धरून हसले. मला काही एवढं हसण्यासारखं वाटलं नाही.

१५ ऑक्टोबर

फोटो ग्रुपवर टाकला. तेवीस जणांनी अंगठा दाखवला. सुमेधा मॅडमनी विचारलं, फ्लॅट घेतलेत का? फ्लॅट म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून घेतलेला कोरा फोटो. आत कुठे धूळ, डाग असेल तर त्यात दिसतो आणि मग वजा करता येतो. कंटाळवाणं काम. मी घेतले नव्हते. घेतले म्हणून सांगितलं. नवीन कोऱ्या कॅमेऱ्यात धूळ येणार कुठून?

१७ ऑक्टोबर

लॅपटॉपच्या उजेडाने फोटो बिघडतो, असं ताईने स्वतःहून सुचवलं आणि मला एक काळा बुरखा शिवून दिला. डोक्यावरून घ्यायचा, लॅपटॉप आणि मी दोघं आत. दुहेरी कापड, वर अस्तर. आत बसलं की बाहेरचं काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. एवढं अस्तर कशाला म्हटलं, तर म्हणाली, थंडी पडेल. परळमध्ये. असो, बहिणीची माया.

राणे रोज येतात. मी बुरख्यात असतो तेव्हाही खाली जात नाहीत. आकाशाचं वेड असं एकदम लागतं, माझंही असंच झालं होतं.

२० ऑक्टोबर

दिवाळी. कंदील, माळा, फटाके, धूर. आकाश नाही. चकल्या उत्तम, मीठ मात्र कमी. भाजीतही हल्ली कमीच असतं. ताईला विचारलं तर म्हणाली, या वयात मीठ कमीच बरं. माझं बीपी ठणठणीत आहे. गोळ्या राणे घेतात, आठ वाजता त्यांच्या मोबाईलचा गजर वाजतो.

९ नोव्हेंबर

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर क्षमस्व (कोणाची, ते माहीत नाही).

आज देवयानी दीर्घिका टिपली. आपल्या आकाशगंगेची शेजारीण. मधोमध ती, तबकडीसारखी तिरकी. आणि तिच्या डावीकडे लाल मेघ! नकाशे पाहिले, पुस्तकं पाहिली, इंटरनेट पालथं घातलं. त्या जागी असा लाल मेघ कोणाच्याच फोटोत नाही. कोणालाच दिसलेला नाही असा मेघ परळच्या गच्चीवरून राजेश परबला दिसला.

नाव काय द्यावं? 'परब मेघ' बरं वाटतं. जरा आखूड आहे, पण ऐकायला भारदस्त. ताईला सांगितलं. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "राजू, हा पण देवगडच आहे." तिला सगळीकडे देवगड दिसतो. माहेरचं वेड असंच असतं.

१२ नोव्हेंबर

सुमेधा मॅडमना परब मेघ पाठवला. त्यांनी अभिनंदन केलं नाही. कॅमेरा दुर्बिणीवर काटकोनात फिरवून पुन्हा फोटो घ्या म्हणाल्या. मेघ आकाशात असेल तर देवयानीजवळ राहील, कॅमेऱ्यात असेल तर कॅमेऱ्याबरोबर फिरेल. काही माणसांना दुसऱ्याचा आनंद बघवत नाही. फिरवणार नाही.

१५ नोव्हेंबर

नाही फिरवला. पण सूर्य मावळायच्या आधी फोकस तपासावा म्हणून लालबागच्या एका बांधकामावरच्या क्रेनचा फोटो घेतला. क्रेन लख्ख आली. तिच्या आकड्याला परब मेघ लटकलेला.

पाण्याच्या टाकीचा फोटो घेतला. टाकीला परब मेघ. समोरच्या इमारतीवरच्या कावळ्याला परब मेघ.

कॅमेरा काढून आतल्या काचेकडे भिंग लावून पाहिलं. देवगड तालुका तिथे होता. बोटाने लावल्यासारखा लाल ठिपका आणि त्याचा पसरलेला भुगा. कुंकू.

वही फाडून टाकावीशी वाटली.

खाली जाऊन ताईला जाब विचारला. ती मशीनवर होती. म्हणाली, झाकण काढलं, आत डोळा दिसला, डोळ्यालाच लावलं. पूजा काय झाकणाची करायची? सेन्सर निदान काचेच्या मागे आहे. ब्रशने, फुंकणीने अलगद साफ केलं. ताईच्या कपाळावर एक बारीक लाल टिकली होती. करंडा अजून बाहेरच आहे, पुन्हा कसलीतरी पूजा असावी.

१६ नोव्हेंबर

ग्रुपवर खरं काय ते कळवून टाकलं. फ्लॅट घेतले नव्हते हेही सांगितलं. सुमेधा मॅडमनी हसण्याचं चिन्ह पाठवलं, त्यांच्याकडून पहिल्यांदाच. कोणीतरी लिहिलं, आकाशातलं पहिलं हळदीकुंकू. अंगठे सत्तावन्न. माझ्या कुठल्याही खऱ्या फोटोला इतके मिळालेले नाहीत.

२१ नोव्हेंबर

अमावास्या कालच झाली, आकाश बरं. दुर्बिणीच्या तोंडाला पांढरा गंजीफ्रॉक लावून फ्लॅट घेतले. कॅमेरा निर्दोष. आता मनासारखा फोटो यायला अडचण फक्त माझी.

लॅपटॉपची बॅटरी मध्येच संपली आणि मला बुरख्यातून लवकर बाहेर पडावं लागलं. राणे संत्रं सोलत होते. एकेक फोड घेऊन बिया काढून ताईच्या हातावर ठेवत होते. मला पाहून दोघंही एकदम शुक्राबद्दल बोलायला लागले. आत्ता संध्याकाळी शुक्र नसतो.

माणूस व्यवस्थित आहे. मी कधी बिया काढत नाही.

२३ नोव्हेंबर

आज रविवार. दुपारी जेवण झाल्यावर ताई ताट न उचलता तशीच बसून राहिली.

"राजू, मला राणेंशी लग्न करायचं आहे."

मी म्हणालो, "आणि माझा डबा?"

हे मी म्हणालो. बावन्न वर्षांचा माणूस, पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश टिपणारा. बहीण आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगते आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो डबा.

ती रागावली नाही. डबा कुठेही मिळतो म्हणाली. राणेंना नायगावला जुन्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात नव्या टॉवरमधलं घर मिळालंय, त्यांची म्हातारी आई तिथे एकटी असते, ते आता कायमचे तिच्याजवळ राहायला जाणार, आणि त्यांनी तिला विचारलं आहे. मी म्हटलं, मग मला कशाला विचारतेस, तू काही लहान नाहीस.

तेव्हा ती म्हणाली, "पहिल्या वेळेला सगळ्यांनी ठरवलं आणि मला कोणी विचारलं नाही. आता मी ठरवलंय. पण पळून गेल्यासारखं नको. मुलीकडून बोलायला कोणीतरी जातं. माझ्याकडून तूच आहेस. तू त्यांच्या आईकडे जाऊन ये. तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही."

मी म्हटलं, पुढच्या अमावास्येनंतर बघू.

तिने ताटं उचलली. अमावास्येचा काय संबंध हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

२९ नोव्हेंबर

शांत डोक्याने विचार केला. राणे माणूस म्हणून वाईट नाहीत, पण काही गोष्टी आहेत. दुर्बिणीच्या तिकाटण्याला टेकून उभे राहतात. गुरूला शुक्र म्हणतात. मुख्य म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली वर येत होते, ही शुद्ध फसवणूक. मला बुरख्यात घालून. आणि तो बुरखा तर माझ्या सख्ख्या बहिणीने शिवलेला, दुहेरी अस्तराचा.

आता आठवतंय ते सगळं आठवून कानशिलं तापतात. दोन खुर्च्या. मीठ. परळ सोडा, अख्ख्या दादर-लालबागला कळलं असेल, मलाच काय ते कळलं नाही. मी आकाशातली धूसरातली धूसर गोष्ट शोधतो म्हणून ग्रुपवर मिरवतो.

७ डिसेंबर

ताईने विचारलं नाही. मी बोललो नाही. पौर्णिमा होऊन गेली, आकाशात चंद्र, कामं बंद. गच्चीवर गेलो तर राणे आले होते. थोडा वेळ कठड्याशी उभे राहिले आणि गेले. ताई वर आली नाही. ती हल्ली येत नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. संध्याकाळी दार उघडलं की घरात दिवा असतो, मशीनचा आवाज असतो, 'राजू, हात धू' असतं. ते जाईल. यात मीठ नाही की विज्ञान नाही. निव्वळ भीती.

१२ डिसेंबर

ताईने राणेंना नाही म्हणून कळवलं. भाकरी थापता थापता सांगितलं. मी तिला काही म्हणालो नव्हतो, पण माझं न बोलणं तिला कळलं असं म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी अजून विचार करत होतो. तर म्हणाली, "किती करशील?"

वही माझीच आहे म्हणून लिहितो. हायसं वाटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. भाजीत मीठ अगदी हवं तसं होतं.

१६ डिसेंबर

राणे नायगावला गेले. टेम्पोत सामान फार नव्हतं. जाताना आमच्या दारात आले, आत आले नाहीत. गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. कमिटीशी बोलून ठेवलंय म्हणाले, आता ती माझ्याकडेच राहील, दहाचीही अट नाही. हॅलोजनचं बटण त्यांनी काढूनच टाकलं आहे.

"तुमचा फोटो चांगला आला पाहिजे," असं म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ताई आतल्या खोलीत होती. मशीन चालू होतं. टेम्पो गेल्यावर बंद झालं.

१९ डिसेंबर

आज अमावास्या. वारा उत्तरेचा, हवा कोरडी, परळमध्ये कधी दिसत नाहीत इतके तारे. किल्ली माझी, गच्ची माझी, कॅमेरा निर्दोष, अडथळा कोणाचाही नाही. मृगातला मोठा तेजोमेघ लावला. बुरख्यात जायची गरज नव्हती, गच्चीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी सवयीने गेलो.

फोटो आला. काय फोटो आला! मधोमध मोरपिसाचा डोळा, बाहेर गुलाबी पंख, कडेची धूळसुद्धा सुटी सुटी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धडपडलो तो हा. 'स्थळ: परळ'. सुमेधा मॅडमही काही बोलणार नाहीत.

बुरखा काढून "ताई" म्हणून हाक मारली. समोर दोन रिकाम्या खुर्च्या.

लॅपटॉप तसाच उचलून खाली गेलो. ताई काजं करत होती. पडदा तिच्यासमोर धरला. तिने पाहिलं, "छान आलाय" म्हणाली आणि पुन्हा सुई घेतली. मी थांबलो. हा कुठला तालुका, हे ती म्हणाली नाही. म्हटलं, नीट बघ ना. तर तिने पुन्हा पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "खरंच छान आलाय राजू." माझं मन राखायला. तिच्या कपाळावर काही नव्हतं.

मला तो फोटो एकदम नकोसा झाला. मी जिंकलो होतो आणि मला ते सहन होत नव्हतं.

२० डिसेंबर

काल वही मिटली ती अर्ध्यावरच. नऊच वाजले होते. राहिलेलं आज लिहितो.

चप्पल घातली आणि निघालो. ताईने कुठे म्हणून विचारलं, आलोच म्हटलं. भोईवाड्यातून नायगाव काही लांब नाही, पण वाटेत लोक माझ्याकडे वळून बघत होते. वाटलं, चेहऱ्यावर काहीतरी दिसत असेल. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून कोपऱ्यावर नारळ घेतला. दुकानदारही नारळ देताना माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

टॉवरच्या लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात कळलं. गच्चीवर डोक्याला बांधतो तो लाल दिवा काढायला विसरलो होतो. कपाळावर लाल दिवा पेटलेला, अंगात फाटका स्वेटर, हातात नारळ. बहिणीचं लग्न ठरवायला असा माणूस आजवर कोणी पाठवला नसेल. परत जावं का? पण परत गेलो असतो तर पुन्हा पुढच्या अमावास्येवर ढकललं असतं.

दार राणेंनीच उघडलं. त्यांना वाटलं असेल गच्चीची काही तक्रार आहे. भाषण मी पाठ करून गेलो नव्हतो. मी म्हणालो, "आमची मुलगी आहे. तुमच्या घरी द्यायची म्हणून आलोय."

राणेंनी हात पुढे केला आणि माझ्या कपाळावरचा दिवा बंद केला. मग आत वळून हाक मारली.

"आई, मुलीकडचे आलेत."

त्यांची आई भिंतीला धरून बाहेर आली. ऐंशीच्या पुढची असेल, पाठ वाकलेली, डोळे मात्र जागे. मला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसली, माझा स्वेटर पाहिला, राणेंच्या तोंडाकडे पाहिलं. घरात नवीन रंगाचा वास होता. मुलीच्या बापाला विचारतात तसं तिने मालवणीत विचारलं, "चेडू काय करता?"

मी पंचावन्न वर्षांच्या माझ्या ताईबद्दल सांगायला लागलो. ब्लाउज शिवते. चकल्या उत्तम करते. विनोदी आहे, माणसाची खोड बरोबर पकडते. सांगता सांगता मला रडू यायला लागलं, ते मी आवरलं नाही. म्हटलं, तिचं कधीपासून ठरलंय. तिच्या भावाची तेवढी आडकाठी होती, ती मी काढून आलोय.

म्हातारी सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मगे इतको उशीर कित्याक केल्यात?"

मी नारळ पुढे केला.